लोट्याचं मोटार वर्कशॉप: आधी मोजतात, मग बोलतात

आमच्या बर्फाच्या कारखान्याची ४० एचपीची मोटार मी गेले तीन पावसाळे लोट्याला (खेडजवळचं लोटे) नेतोय आणि अजून एकदाही ती भरावी (म्हणजे आतली तार काढून नवीन गुंडाळावी) लागलेली नाही, आत मूळची कंपनीचीच वाइंडिंग आहे. पहिल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी मला सरळ सांगितलं होतं की गेली ही, भरायला टाका, ३८ हजार होतील. ते पैसे ज्यांच्यामुळे वाचले त्या वर्कशॉपचा हा रिव्ह्यू आहे. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण काकांनीच (मालक, तिथे सगळे त्यांना काकाच म्हणतात) सांगितलं की बाबा नाव टाकू नको, आहेत तीच कामं वेळेत होत नाहीत. ज्याला खरंच गरज आहे त्याने मला विचारा, मी सांगतो.

आधी आमची परिस्थिती सांगतो, कारण किनाऱ्यावर मोटार चालवणं आणि घाटावर मोटार चालवणं यात फार फरक आहे. आमचा कारखाना हर्णै बंदराजवळ, अमोनिया कॉम्प्रेसरवर चालतो. समुद्राची खारी हवा एका बाजूने आणि आतल्या ब्राइन (मिठाच्या पाण्याच्या) टाकीचं मीठ दुसऱ्या बाजूने, त्यामुळे लोखंड असो नाहीतर तांबं, सगळ्याला काही ना काही लागतंच. त्यात जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही म्हणून कॉम्प्रेसर दोन महिने बंद, आणि नेमका तोच काळ कोकणातल्या पावसाचा. मोटार चालू असते तेव्हा स्वतःच्या गरमीने कोरडी राहते, बंद पडली की दमट हवा आत ओढते आणि धरून ठेवते. हे मला पूर्वी माहीत नव्हतं, मला वाटायचं बंद मोटारीला काय होणार आहे, विश्रांतीच मिळतेय तिला.

२०२३ च्या जुलैत सीझनच्या आधी आमच्या वायरमनने नेहमीप्रमाणे मेगर (तारेवरचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजायचं मीटर) लावला तर काटा शून्याला चिकटलेला. त्याने पॅनलचं फ्यूजच काढून खिशात घातलं, म्हणाला शेठ ही चालू करायची नाही. सीझन तोंडावर, होड्यावाल्यांकडून ॲडव्हान्स घेतलेला, आणि बर्फ नाही तर बोट समुद्रात जाऊन काय करणार. जवळच्याच एका रिवायंडिंगवाल्याकडे नेली, त्याने पण मेगर लावला, अर्धा मिनिट हँडल फिरवलं, म्हणाला बॉडीला लागलीय (म्हणजे आतली तार लोखंडाला टेकलीय), भरावी लागेल, आठ दिवस. उघडून बघितली पण नाही. माझे मेहुणे लोट्याला केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहेत, त्यांना फोन केला, ते म्हणाले तिथे काही हात लावू देऊ नका, मी सांगतो तिथे घेऊन या.

अडीचशे किलोची मोटार पिकअपमध्ये टाकून दापोली, खेड, भरणे नाका करत लोट्याला पोचलो. वर्कशॉप दिसायला काही खास नाही, पत्र्याची शेड, पुढे मोटारींची रांग, प्रत्येक मोटारीला तारेने बांधलेलं पिवळं कार्ड. आत मात्र जमीन झाडलेली, एका टेबलावर फक्त मीटर, त्या टेबलावर पाना-हातोडी ठेवायची बंदी. मला तिथेच बरं वाटलं.

काकांनी आल्या आल्या मोटार उघडली नाही. पहिल्यांदा नेमप्लेट पुसून लिहून घेतली: ३० किलोवॅट, ४१५ व्होल्ट, १४७० आरपीएम, क्लास एफ (इन्सुलेशन किती गरमी सोसतं त्याचा दर्जा). मग मला विचारलं किती दिवस बंद होती, कुठे ठेवलेली, पट्ट्यावर चालते की डायरेक्ट कपलिंग, शेवटचं ग्रीस कधी, करंट किती घेत होती. ग्रीसचं मला सांगता आलं नाही. ते त्यांनी तसंच लिहिलं, "ग्रीस: माहीत नाही".

मग डिजिटल मेगर काढला. ५०० व्होल्ट डीसी, कारण मोटार ४१५ ची आहे. सहा टोकांच्या पट्ट्या काढून प्रत्येक फेज वेगळी केली, एक फेज मेगरला, बाकी दोन अर्थला. आणि घड्याळ लावलं. मी म्हटलं काका आकडा तर दिसतोय, ०.४ मेगओहम, अजून कशाला थांबायचं. ते म्हणाले थांबा हो, दहा मिनिटं थांबा. ती दहा मिनिटं मी त्या स्क्रीनकडे बघत उभा. एका मिनिटाला ०.४, पाच मिनिटांनी ०.४, दहा मिनिटांनी पण ०.४.

ते त्यांनी मग समजावून सांगितलं आणि ते मला आयुष्यभर पुरेल. वाइंडिंगचं इन्सुलेशन कोरडं आणि स्वच्छ असेल तर विजेचा दाब दिल्यावर आकडा हळूहळू वर चढतो, दहाव्या मिनिटाचा आकडा भागिले पहिल्या मिनिटाचा, याला पीआय म्हणतात, आणि क्लास बी, एफ, एचच्या वाइंडिंगला तो २ च्या वर असावा. आपला ०.४ भागिले ०.४ म्हणजे १. आकडा चढतच नाही म्हणजे करंट पृष्ठभागावरून पळतोय, ओल आणि मीठ. इन्सुलेशन जळलेलं असेल, फाटून तांबं लोखंडाला टेकलेलं असेल, तर तिन्ही फेज एकसारख्या ०.४ दाखवणार नाहीत, एक फेज शून्य दाखवेल आणि बाकीच्या दोन ठीक दाखवतील. आपल्या तिन्ही सारख्याच खाली होत्या. ते म्हणाले ही जळलेली नाही, ही भिजलेली आहे, आणि भिजलेल्या मोटारीला कोण भरतं? एवढं ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

हेही सांगितलं की छोट्या, सुट्या तारेने भरलेल्या मोटारीत आकडा दोन-तीन मिनिटांतच स्थिर होतो, त्यामुळे पीआयवर एकट्यावर विसंबायचं नाही, पण मीठ आहे का नाही ते कळतं. आणि १००० व्होल्टच्या खालच्या अशा मोटारीला कमीत कमी ५ मेगओहम तरी पाहिजे, तेही आकडा हिशोबाने ४० अंश तापमानाला आणून. तापमानाचं हे कोणीच सांगत नाही. वाइंडिंग १० अंशाने गरम झाली की आकडा निम्मा होतो, म्हणजे सकाळी थंड असताना मोजला आणि दुपारी गरम असताना मोजला तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. म्हणून त्यांच्या कार्डावर प्रत्येक रीडिंगच्या पुढे तापमानाचा रकाना आहे.

टेस्ट झाल्यावर लगेच वायर काढली नाही. फेज अर्थला जोडून ठेवली आणि म्हणाले दहा मिनिटं चार्ज केलीय, चाळीस मिनिटं अर्थला राहू दे, नाहीतर आत साठलेली वीज झटका देते. आमच्या वायरमनला एकदा असाच झटका बसलेला, टेस्ट झाली म्हणून टोकाला हात लावला होता, तो माझ्या बाजूला उभा होता, त्याने लगेच मान हलवली.

मग उघडली. मी हे जवळून बघितलं म्हणून सांगतो. टर्मिनल बॉक्सचा गॅस्केट अर्धा कुजलेला, एका ग्लँडमध्ये (केबल आत यायच्या जागेत) केबलच नाही, नुसतं उघडं भोक. लग (तारेच्या टोकाचे जोड) हिरवे पडलेले, नखाने खरवडलं तर हिरवी भुकटी. मोटारीच्या पोटात खाली पाणी निघून जायला एक छोटं भोक असतं, ते आमच्याच माणसांनी रंग देताना बुजवलं होतं. आणि कॉइलच्या डोक्यांवर, तारांच्या मधल्या फटीत, बारीक पांढरे कण चिकटलेले, भिंगातून दाखवले काकांनी. मीठच ते.

उपाय ऐकून मी हबकलो, कारण ते म्हणाले पाण्याने धुवायची. मी म्हटलं पाण्यामुळेच तर हे झालंय. तर म्हणाले मीठ पाण्यातच विरघळतं, नुसती भट्टीत घालून सुकवली तर पाणी जाईल पण मीठ तिथेच राहील, आणि पुढच्या पावसात तेच मीठ परत ओल ओढून घेईल. गोड्या विहिरीच्या पाण्याने, कमी दाबाने धुतली, आणि खाली येणारं पाणी मगात धरून त्यात पाणी तपासायचं ते पेनासारखं मीटर बुडवलं, पाण्यात क्षार किती ते दाखवतं. पहिल्या धुण्याला २४०० च्या घरात, दुसऱ्याला ६००, मग २००, मग १३०, आणि विहिरीचं मुळातलं पाणी ११० होतं, तिथे थांबले. अंदाजाने झालं आता असं कोणी म्हटलं नाही. मग ओव्हनमध्ये ८०-९० अंशाला, घाई करून जास्त तापवायचं नाही कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली तर तीच इन्सुलेशन फाडते. दर चार तासांनी मेगर, आकडा कागदावर. मला काकांच्या मुलाने रोज रात्री त्या कागदाचा फोटो पाठवला. पहिल्यांदा गरम होताना आकडा अजून खाली गेला (मी घाबरून फोन केला, ते म्हणाले तसंच होतं, गरमीने खाली जाणारच), मग वर चढायला लागला आणि दीड दिवसाने एका जागी टिकला. मग वार्निश, परत बेकिंग.

परत आलो तेव्हा माझ्यासमोर सगळ्या टेस्ट परत केल्या. २८ अंशाला एका मिनिटाला १८०, दहा मिनिटांना ३९०, म्हणजे पीआय २.१ च्या वर, आणि ४० अंशाला आणून १८० चे ७८ होतात, तरी ५ च्या कितीतरी वर. मग वाइंडिंगचा रेझिस्टन्स, तो साध्या मल्टिमीटरने येत नाही, चार वायरीचं मायक्रोओहम मीटर लागतं: ०.१५२, ०.१५३, ०.१५२. तिन्ही जवळपास सारखे म्हणजे आत कुठे जोड सैल नाही.

मग सर्ज टेस्ट, जी मी पहिल्यांदाच बघितली. मेगर सांगतो तार लोखंडाला लागलीय का, पण तारेला तार लागली असेल, म्हणजे एकाच कॉइलच्या दोन वेढ्यांमधला वार्निश गेला असेल, तर मेगरला ते दिसतच नाही, आकडा मस्त येतो आणि आठ दिवसांत मोटार जळते. सर्जमध्ये क्षणभराचा झटका देतात, मोटारीच्या व्होल्टेजची दुप्पट अधिक १०००, आपल्या ४१५ ला १८३०, आणि स्क्रीनवर लाट उमटते. तीन फेजच्या तीन लाटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. आमच्या बसल्या, एकच रेघ दिसत होती. शेजारी कोणाची तरी दुसरी एक मोटार होती, तिचं दाखवलं, दोन लाटा एकीवर एक आणि तिसरी डावीकडे सरकलेली. ती मोटार चालत होती म्हणे, मालकाची तक्रार फक्त एवढीच की जरा गरम होते.

रोटर (आतला फिरणारा भाग) पण तपासला. दोन टोकांना कमी दाबाचा सिंगल फेज सप्लाय दिला आणि शाफ्ट हाताने अगदी सावकाश फिरवायला मलाच सांगितलं, डोळे अँपिअर मीटरवर. पूर्ण फेरीत काटा जवळजवळ हलला नाही. रोटरचा बार (त्यातली दांडी) तुटलेला असेल तर त्या जागी आल्यावर काटा उडी मारतो. चालू मोटारीत पण हे ओळखता येतं, लोडवर असताना क्लॅम्प मीटरचा (तारेभोवती अडकवून करंट मोजतात तो) आकडा हळू हळू डोलायला लागतो, आपल्या १४७० च्या मोटारीला सेकंदाला साधारण दोनदा. हे ऐकल्यापासून आमचा वायरमन आठवड्यातून एकदा क्लॅम्प मीटर लावून उभा राहतो आणि आकडा डोलतोय का बघतो.

शेवटी नो-लोडवर (काही न जोडता) चालवली, १८.९, १९.२, १९.० अँपिअर. बिल एकूण १४,८०० झालं, त्यात धुणं, सुकवणं, वार्निश, दोन्ही बेअरिंग, नवीन गॅस्केट आणि ग्लँड आलं. नुसत्या तपासणीचे १५०० घेतात, काम तिथेच केलं तर ते बिलातून वजा. भरायला सांगितलेल्या ३८ हजारांच्या समोर हे.

पण मला खरं जे आवडलं ते पैसे वाचले हे नाही. ते पिवळं कार्ड. त्यावर आधीचा आकडा, नंतरचा आकडा, तापमान, तारीख. दुसऱ्या वर्षी जुलैत नेली तेव्हा काकांनी वहीतून जुना आकडा काढून शेजारी ठेवला. ४० अंशाला आणलेला ७८ होता, तो ७१ झाला. यंदा ६६. ते म्हणाले हा असा हळूहळू उतरतोय तोवर चिंता नाही, ज्या वर्षी एकदम ३० वर येईल त्या वर्षी ५ च्या वर आहे म्हणून गप्प बसायचं नाही, त्या वर्षी उघडायची. एका आकड्याला अर्थ नाही, आकड्यांच्या रांगेला अर्थ आहे, असं ते सारखं बोलतात आणि खरंच मग प्रत्येक गिऱ्हाइकाला तीच रांग लिहून देतात.

त्यांच्याच सांगण्यावरून बंदीच्या दोन महिन्यांत आम्ही आता मोटारीवर ताडपत्री टाकून आत ६० वॅटचा बल्ब पेटता ठेवतो, खालून हवा खेळायला जागा सोडून. आणि आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने पाव फेरी फिरवतो म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी बसून डाग पडत नाहीत. दोन्ही गोष्टींना फारसा खर्च नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ऐन सीझनमध्ये मोटार आवाज करायला लागली. मला वाटलं बेअरिंग गेलं. काकांचा मुलगा व्हायब्रेशन मीटर घेऊन हर्णैला आला, बेअरिंगच्या घरावर टेकवलं, ६.४ मिलिमीटर प्रति सेकंद. या मापाच्या मोटारीला २.८ पर्यंत ठीक, ७.१ च्या वर गेली तर बंद करायची. मी म्हटलं खोलूया. त्याने काय केलं, पट्टे काढायला लावले आणि मोटार एकटी चालवली, १.१ आलं. म्हणजे मोटारीत काही नाहीच. पुलीवर दोरा ताणून दाखवला, दोन पुल्या एका रेषेत नव्हत्या, आणि आमच्या पोरांनी घसरतात म्हणून पट्टे इतके ताणले होते की पुढचं बेअरिंग काही महिन्यांत खरंच गेलं असतं. पुल्या सरळ केल्या, पट्टे बदलले, २.२ वर आलं. त्याने व्हिजिटचे १२०० घेतले, बाकी काही नाही. बेअरिंग बदललं म्हणून त्याने सहज पाच-सात हजारांचं बिल केलं असतं, मला कळलं पण नसतं.

आता दुसरी बाजू. सगळ्याच मोटारी वाचवतातच असं नाही. ब्राइन टाकीवर आमच्याकडे ५ एचपीची ॲजिटेटरची (पाणी ढवळायची) मोटार आहे, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा शेडचे पत्रे उडाले आणि ती भिजली, मग तेव्हा लाइटच नव्हती कित्येक दिवस, आली तेव्हा घाईत चालू केली आणि जळली. एका ठिकाणी भरून घेतली, दोन वर्षांनी परत जळली, परत भरली. तेव्हापासून गरम व्हायची. ती पण नेली काकांकडे. त्यांनी स्टेटरच्या (बाहेरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) लोखंडी गाभ्यातून जाड केबलचे वेढे घातले आणि सप्लाय दिला, लूप टेस्ट म्हणतात, त्याने फक्त लोखंड तापतं. अर्ध्या तासाने मला हात फिरवायला सांगितला (सप्लाय बंद करून). बाकी गाभा कोमट आणि एका जागी चटका. तापमानाच्या बंदुकीने बघितलं तर त्या जागी बाजूपेक्षा २५ अंश जास्त, ते म्हणाले १० च्या वर फरक असला की मी गाभा खराब धरतो.

कारण असं की जुनी कॉइल काढताना ज्यांनी ती उघड्यावर लाकडं पेटवून जाळली होती, त्यात लोखंडाच्या पातळ पत्र्यांच्या मधलं इन्सुलेशन पण जळलं. पत्रे एकमेकांना लागले की लोखंडातच करंट फिरतो आणि तिथे चूल पेटल्यासारखं होतं. मग कितीही चांगली तार भरा, ती त्या चुलीवरच बसणार, आणि वाइंडिंग १० अंश जास्त तापली की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. स्वतः काका जुनी वाइंडिंग ओव्हनमध्येच जाळतात, ३७० अंशाच्या वर जाऊ देत नाहीत, आणि जाळायच्या आधी आणि नंतर लूप टेस्ट घेतात. आम्हाला सांगितलं ही तिसऱ्यांदा भरू नका, भंगारात द्या, नवीन आयई३ ची (कमी वीज खाणारी) घ्या. भरायचे सहा-सात हजार त्यांना मिळाले असते. मी नवीन घेतली, तीच आता चालू आहे, ब्राइनच्या डोक्यावर बसून पण हाताला कोमट लागते इतकीच.

काका मुळात मोठ्या प्लांटमध्ये मोटार सेक्शनला होते, ६.६ केव्हीच्या (६६०० व्होल्टच्या) मोटारी हाताळलेल्या. थोडा वेळ असेल तर त्यांना त्याबद्दल विचारा, फार छान सांगतात. मोठ्या मोटारीला ५०० व्होल्टचा मेगर चालत नाही, २५०० ते ५००० लागतो, आणि कमीत कमी आकडा पण ५ नाही, १०० मेगओहम. पुढे टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये किती वीज वाया जाते ते मोजायची टेस्ट), आणि पार्शल डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशनच्या आतल्या बारीक पोकळ्यांमध्ये ठिणग्या पडतात का ते ऐकायचं, जसं डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात. आपल्या जिल्ह्यातच पोफळीला कोयनेची जनित्रं डोंगराच्या पोटात बसवलेली आहेत, तसल्या यंत्राला बाहेर काढून न्यायचं कुठे, ते जागेवरच मोजून ठरवावं लागतं की अजून किती चालेल. त्यांचं म्हणणं जी शिस्त तिथे आहे तीच ५ एचपीला लावायला काय हरकत आहे, मीटर छोटं, वेळ दहा मिनिटं.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराबद्दल पण त्यांनी सांगितलं. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर दुकानांचे, सोसायट्यांचे, पिठाच्या गिरण्यांचे मोटर-पंप टेम्पो भरून त्यांच्याकडे आले. ज्या लोकांनी पाणी ओसरल्यावर स्विच टाकून बघितला त्यांच्या बहुतेक जळल्या, ज्यांनी हात न लावता आणल्या त्यातल्या बऱ्याच नुसत्या धुऊन सुकवून परत गेल्या. हे किनाऱ्यावरच्या आणि नदीकाठच्या प्रत्येकाने घरात सांगून ठेवायला पाहिजे, घरच्या अर्ध्या एचपीच्या पंपाला पण हेच लागू आहे: भिजली की चालू करून बघायचं नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या पण लिहितो. वेळ पाळत नाहीत. चार दिवस म्हटले तर सहा धरा. त्यात त्यांची पूर्ण चूक नाही, लाइट गेली की ओव्हन थंड पडतो आणि सुकवणं परत लांबतं, जनरेटरवर ओव्हन चालत नाही, पण निदान फोन करून सांगावं, तो पण आपणच करायला लागतो. सर्ज टेस्टर एकच आहे आणि तो बऱ्याचदा मुलगा कंपन्यांच्या कामाला बाहेर घेऊन जातो, तो नसेल तर सर्ज शिवाय मोटार देणार नाहीत आणि तुम्ही बसून राहा. गाडी पाठवून मोटार उचलायची सोय नाही, चढवायला-उतरवायला चेन ब्लॉक आहे पण पिकअप तुमची. रिपोर्ट इंग्रजीत टाइप करून देतात, कार्डावर मात्र मराठीत, मी त्यांना सांगितलंय की रिपोर्ट पण मराठीत करा, आमच्या वायरमनला तोच वाचायचा असतो. आणि काका बोलायला तिखट आहेत. माझ्यासमोर एका आंबेवाल्या बागायतदाराला म्हणाले तुम्ही मोटारीची माती केलीत, आता माझ्याकडे जादू मागताय. त्या माणसाला राग आला, पण मोटार तिथेच ठेवून गेला.

बोअरमधल्या पाणबुडी मोटारी घेत नाहीत, पंखे-मिक्सर तर नाहीच. माझ्या चुलत भावाने त्याचा बोअरचा पंप नेला होता तो परत घेऊन यावा लागला, आधी फोन करून विचारा.

जायचं असेल तर काही सूचना. मोटार नेताना टर्मिनल बॉक्सचं झाकण आणि पट्ट्या सोबत न्या, सुट्या पिशवीत घालून नका आणू, होती तशीच बंद आणा, त्यांना आत कसं होतं ते बघायचं असतं. आधी पाण्याने धुऊन चकाचक करून नेऊ नका, त्या मळातच त्यांचं निम्मं निदान असतं. पूर्वीचं बिल, कोणी भरली, कधी भरली, लोडवर किती अँपिअर घेते हे कागदावर लिहून न्या. पीआय लावतील तेव्हा तिथे थांबा, दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवा आणि आकडा कसा चढतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि आपल्या बर्फवाल्यांना, कोळंबीवाल्यांना, बंदरावरच्या सगळ्यांनाच सांगणं: नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात नेऊ नका, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, होड्या वर आल्या की लगेच न्या. मंगळवारी बंद असतं, आणि दुपारी १ ते ३ जेवायला.